दहाचे झाले अठरा

मंडळी, दिवाळी अंक म्हटला की कोडं आलंच, तेव्हा आधी एक सोपं कोडं घालतो. 'बिग टेन' नावाच्या गटात किती विद्यापीठं आहेत? दहा म्हणालात तर फसलात, अठरा आहेत. मग 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये? सोळा. 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' हे नाव तरी सरळ आहे ना? त्यात कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत तर बिग टेनमध्ये बारा सभासद होते आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा! आपल्या मुलांना गणित शिकवायला आपण ज्यांना हजारो डॉलर मोजतो, त्यांच्याच दारावरच्या या पाट्या.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट आहे असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. पण आपल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहा आणि मुलांच्या अंगावरचे शर्ट वाचा. मिशिगन, इलिनॉय, पर्ड्यू, ओहायो स्टेट. ही आपल्या घरातली मुलं आहेत, आणि त्यांतली काही आता विद्यापीठाच्या संघातून टेनिस खेळतात, पोहतात, धावतात. तेव्हा या पाट्यांमागे काय चाललं आहे, ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

माझी ओळख थोडक्यात. १९७३ साली पुण्याहून पर्ड्यूला पीएच.डी.साठी आलो. नंतर मिडवेस्टमधल्याच एका विद्यापीठात पस्तीसहून अधिक वर्षं सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवलं. त्यातली काही वर्षं प्राध्यापकांतर्फे क्रीडा समितीवर होतो. इथला फुटबॉल मला आजही पुरता कळत नाही; चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात, इथपासूनच अडचण आहे. पण रस्ते आणि अंतरं हा माझा धंदा, आणि ही गोष्ट मुळात अंतराचीच आहे.

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार होतात. पश्चिम विभाग, दक्षिण विभाग हे नकाशाने ठरतात. उद्या एखाद्या विद्यापीठाला वाटलं म्हणून ते पूर्व विभागात जाऊन बसत नाही. अमेरिकेत तसं नाही. इथे काही विद्यापीठं आपखुशीने एकत्र येतात, एकमेकांशी ठरलेल्या वेळापत्रकाने खेळतात, एकच नियमावली पाळतात आणि मिळकत वाटून घेतात. अशा संघाला कॉन्फरन्स म्हणतात. जो आपखुशीने आला, तो आपखुशीने जाऊही शकतो.

सुरुवात कशी झाली बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मोठी बजबजपुरी होती. वर्गाचं तोंडही न पाहिलेले भाडोत्री खेळाडू पैसे घेऊन आज या कॉलेजातून तर उद्या त्या कॉलेजातून खेळत. ११ जानेवारी १८९५ रोजी पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात जमले. पुढच्या वर्षी रीतसर संघ स्थापन झाला. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन हे सात सभासद. पहिला महत्त्वाचा नियम असा, की जो खरोखर पूर्ण वेळ विद्यार्थी आहे आणि अभ्यासात मागे पडलेला नाही, त्यानेच खेळायचं. संघाच्या लांबलचक अधिकृत नावात 'प्राध्यापक प्रतिनिधी' हे शब्द होते. म्हणजे आज ज्याची उलाढाल अब्जावधी डॉलरची आहे, तो संघ मुळात खेळाला लगाम घालण्यासाठी मास्तरांनी काढला होता.

मी आलो तेव्हा सभासद दहा होते आणि सगळे शेजारी होते. पर्ड्यूहून इंडियाना विद्यापीठ किंवा इलिनॉय विद्यापीठ गाठायला मोटारीने दोन-अडीच तास पुरत. संघ बसने जात आणि बसने येत. शेजार म्हटला की भांडण आलं, आणि या भांडणांना इथे फार जपलेलं असतं. पर्ड्यू आणि इंडियाना यांच्यातल्या सामन्याचं बक्षीस म्हणजे विहिरीचा एक जुना पोहरा! इंडियाना राज्याच्या दक्षिणेकडच्या शेतावरून आणलेला, ओकच्या लाकडाचा. जो जिंकेल त्याचं आद्याक्षर ब्राँझमध्ये ओतून पोहऱ्याच्या साखळीत अडकवतात. १९२५ चा पहिलाच सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला, म्हणून पहिल्या कडीत दोन्ही अक्षरं आहेत. ही माहिती माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी मला पहिल्याच आठवड्यात दिली. प्रबंधाचा विषय महिनाभराने निघाला.

आता कोणी म्हणेल, सभासद तर पहिल्यापासूनच बदलत आले आहेत, मग आजच ओरड कशाला? मुद्दा बरोबर आहे, म्हणून जुनी उदाहरणं बघू. १९०६ मध्ये संघाने नियम आवळले. सामन्यांची संख्या पाचवर आणली, खेळाडूंच्या वर्षांवर मर्यादा घातली. मिशिगनला ते पटलं नाही आणि ते बाहेर पडलं. १९१७ मध्ये परत आलं. तोपर्यंत इंडियाना, आयोवा आणि ओहायो स्टेटही आले होते, तेव्हा मिशिगन परतल्यावर दहा भरले आणि 'बिग टेन' हे नाव रुळलं.

दुसरं उदाहरण शिकागोचं. हे संस्थापक सभासद, आणि एके काळी फुटबॉलमधलं दादा. देशातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा हाइझमन पुरस्कार १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो शिकागोच्या जे बरवँगरला. त्याच शिकागोचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ च्या अखेरीस फुटबॉल बंद केला. विद्यापीठाच्या कामाशी त्याचा संबंध नाही, असं त्यांचं मत. १९४६ मध्ये शिकागोने कॉन्फरन्सही सोडली. रिकाम्या पडलेल्या त्याच स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली, स्क्वॉशच्या कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. शिकागोची जागा पुढे मिशिगन स्टेटने घेतली.

तेव्हा ये-जा नवी नाही. पण एक नियमावरून रुसून गेला, दुसरा तत्त्वासाठी गेला. वाद चालायचा तो विद्यापीठाने खेळाला किती जागा द्यावी याचा. आजच्या ये-जामागचं कारण वेगळं आहे, आणि ते कधी बदललं याची तारीखही सांगता येते.

१९५० च्या दशकापासून टीव्हीवर कोणते सामने दाखवायचे आणि किती, हे एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवत असे. स्टेडियम रिकामी पडतील या भीतीने ती हात आखडता ठेवी. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः एके काळचे नामांकित कॉलेज फुटबॉलपटू होते, हे विशेष. त्या दिवसापासून आपापले सामने विकण्याची मुभा सगळ्यांना मिळाली, आणि एकेकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकलं तर भाव बरा येतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

इथलं गणित साधं आहे. समजा दहा सभासद आहेत आणि वर्षाला शंभर रुपये येतात; प्रत्येकी दहा. अकरावा घ्यायचा तर त्याच्यामुळे निदान दहा रुपये वाढले पाहिजेत, नाहीतर जुन्यांच्या ताटातलं कमी होतं. म्हणजे नवा सभासद शेजारी आहे का, अभ्यासात कसा आहे, त्याच्याशी आपलं जुनं नातं आहे का, हे प्रश्न मागे पडले. त्याच्या पाठीशी टीव्ही बघणारी घरं किती, हा एकच प्रश्न उरला. २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी काढली. २०१४ मध्ये मेरिलँड आणि रटगर्स आले, ते वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या परिसरातली घरं घेऊन. मेरिलँड हे अटलांटिक कोस्टच्या १९५३ च्या संस्थापकांपैकी एक होतं. २०२२ मध्ये बिग टेनने तीन टीव्ही कंपन्यांशी केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वरचा होता.

जो गटात बसला त्याचं भलं झालं. जो राहिला त्याचं काय होतं, याचं जुनं उदाहरण टेक्ससचं आहे. तिथली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये मोडली. टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक आणि बेलर ही चौघं नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेली. टीसीयू, ह्यूस्टन, एसएमयू आणि राइस ही चौघं बाहेर राहिली. टीसीयूला पुन्हा मोठ्या पंगतीत पान मिळायला २०१२ उजाडलं, ह्यूस्टनला २०२३, एसएमयूला २०२४. आणि एसएमयूने त्यासाठी काय मान्य केलं? नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा घेणार नाही! राइस अजून बाहेरच आहे. चांगलं विद्यापीठ आहे हो, आपली कितीतरी मुलं तिथे शिकली आहेत. पण त्या गणितात ते बसत नाही.

सगळ्यात मोठी पडझड पॅसिफिकच्या किनाऱ्यावर झाली. तिथली कॉन्फरन्स १९१५ मध्ये पोर्टलंडला चार विद्यापीठांनी सुरू केली: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आजचं ओरेगन स्टेट. वाढत वाढत ती बारांची झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात लॉस एंजलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, बिग टेनला जात असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी कोलोरॅडो गेलं, आणि ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात आणखी पाच गेली. मग स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिककडे निघाली. आपल्याकडे आमदार हॉटेलात नेऊन ठेवतात, तेवढंच काय ते इथे झालं नाही. २०२४ च्या मोसमात बारांपैकी दोघं उरली: कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

पुलमन मी पाहिलं आहे. एका परिसंवादासाठी गेलो होतो. चहूकडे गव्हाच्या टेकड्या आणि मध्ये लहानसं गाव. सिएटल तिथून जवळजवळ तीनशे मैल. या विद्यापीठाने शतकभर कोणाचं काय वाईट केलं होतं? सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी ते १९०० पासून फुटबॉल खेळत आलं आहे. त्या सामन्याला 'ॲपल कप' म्हणतात. कॉस्मिक क्रिस्प नावाचं सफरचंद तुमच्या घरी येत असेल, तर ते वाणही याच विद्यापीठाने तयार केलं आहे. पण गव्हाच्या शेतात टीव्ही बघणारी घरं कमी. गंमत अशी, की २०२४ चा ॲपल कप त्यांनीच सिएटलमध्ये जाऊन २४-१९ असा जिंकला. म्हणजे खेळात ते कमी पडले म्हणून मागे राहिले, असंही म्हणता येत नाही.

ही झाली विद्यापीठांची गोष्ट. आता मुलांकडे येतो, कारण समितीवर असताना मी पाहिलं ते मुलांचं. फुटबॉलचा संघ आठवड्याला एक सामना खेळतो, बहुधा शनिवारी, आणि खास विमानाने जातो. त्याचे तास फारसे बुडत नाहीत. पण कॉन्फरन्स बदलते ती फुटबॉलच्या पैशासाठी, आणि तिच्यामागून व्हॉलीबॉल, टेनिस, सॉफ्टबॉल असे सगळेच खेळ फरफटत जातात. त्यांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात. रटगर्सहून लॉस एंजलिस विमानाच्या सरळ रेषेतसुद्धा चोवीसशे मैल आहे आणि घड्याळात तीन तासांचा फरक आहे. हे एका 'शेजाऱ्याकडून' दुसऱ्या 'शेजाऱ्याकडे' जाणं!

माझ्या शेवटच्या वर्षांत, नुसती मेरिलँड-रटगर्सची भर पडली होती तेव्हाची गोष्ट. स्ट्रक्चर्सच्या माझ्या वर्गात एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी होती. हुशार आणि नेटकी. तिने सहामाही परीक्षा पूर्वेकडच्या एका हॉटेलात, संघाबरोबरच्या देखरेख करणाऱ्या बाईंसमोर बसून दिली. परत आल्यावर मी विचारलं, प्रवासात अभ्यास होतो का? ती म्हणाली, "प्रोफेसर, प्रवासात अभ्यास होतो असं सगळे प्रशिक्षक आईवडिलांना सांगतात. प्रवासात आम्ही झोपतो. तीही मिळाली तर." ती उत्तम गुणांनी पास झाली, पण उन्हाळ्यात पुलाच्या कामावर जाण्याची संधी होती, ती तिने संघाच्या सरावामुळे सोडली. तिला शिष्यवृत्ती हवी होती, आणि व्यावसायिक व्हॉलीबॉल तिला खेळायचं नव्हतं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. १८९५ च्या त्या बैठकीतला नियम कागदावर अजून आहे. ती मुलगी तो नियम कसाबसा पाळत होती.

दुसरी बाजूही मांडायला हवी. समितीतले माझे एक सहकारी म्हणत, फुटबॉलच्या पैशावर बाकी वीस-पंचवीस संघ जगतात, मुलींचे संघ जगतात. तो पैसा आटला तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडेल. खरं आहे ते. शिवाय ज्यांच्या घामावर हा पैसा उभा राहिला, त्या फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुलांना इतकी वर्षं त्यात वाटा नव्हता. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. मला यात काही गैर वाटत नाही. पण त्या खर्चाची तोंडमिळवणी करताना काही ठिकाणी पोहणं, टेनिस असे संघ बंदही झाले. म्हणजे पैशासाठी शेजार सोडला, आणि पैसा येऊनही लहान खेळांची धाकधूक संपली नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, की फुटबॉलचा करार फुटबॉलपुरता ठेवा आणि बाकीच्या मुलांना शेजाऱ्यांशी खेळू द्या. हे अशक्य आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नोत्र दाम फुटबॉल स्वतंत्रपणे खेळतं, बहुतेक खेळ अटलांटिक कोस्टमध्ये आणि आइस हॉकी बिग टेनमध्ये. जॉन्स हॉपकिन्स बिग टेनमध्ये फक्त लॅक्रॉस खेळतं. आयव्ही लीगने तर हा सगळा बाजारच टाळला. १९५४ च्या करारानंतर तिथे आठ सभासद आहेत ते आठच. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, आणि सगळे मोटारीने जाण्याच्या अंतरावर. मागे राहिलेल्या त्या दोघांनीही हातपाय गाळले नाहीत. कोर्टात लढून कॉन्फरन्सचा कारभार हातात ठेवला, आणि २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट वगैरे नवे सभासद घेऊन ती पुन्हा उभी करायचं ठरवलं. त्यातही टेक्ससचं एक विद्यापीठ पॅसिफिकमध्ये आलंच, पण ते असो.

एक गोष्ट मात्र निवृत्त मास्तर म्हणून आवर्जून सांगतो. १९५८ मध्ये बिग टेनच्या विद्यापीठांनी अभ्यासाच्या कामासाठी वेगळी समिती काढली. तिच्यामुळे एकमेकांच्या ग्रंथालयातली पुस्तकं मागवता येतात, एकमेकांचे अभ्यासक्रम घेता येतात. कॉन्फरन्स बारा वर्षांपूर्वीच सोडून गेलेलं शिकागो या समितीत सामील झालं आणि २०१६ पर्यंत राहिलं. खेळाचा संबंध संपला तरी पुस्तकांचा राहिला. माझ्या कपाटातल्या टिपणांपैकी कितीतरी शिकागोहून आलेल्या पुस्तकांवरून काढलेली आहेत, आणि ती मागवताना कोणी मला विचारलं नाही की तुमच्या गावात टीव्ही किती.

आता तुमच्यासाठी. घरात खेळणारं मूल असेल आणि प्रशिक्षकांचे फोन येत असतील, तर स्टेडियम बघून हरखून जाण्याआधी चार प्रश्न विचारा. गेल्या वर्षी या संघाचे वर्गाचे किती दिवस बुडाले? तीन तासांच्या फरकाचे दौरे किती झाले, आणि परतीचं विमान किती वाजता उतरलं? प्रयोगशाळेचे तास बुडले तर भरून कसे देतात? आणि या खेळाचा संघ चार वर्षं टिकेल, असं लेखी देता का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा कसा बघतो, तेही लक्षात ठेवा. कॉन्फरन्सचं नाव विचारू नका. मूल पदवीधर होईपर्यंत ते तेच राहील याचा भरवसा नाही.

अठरांच्या या गर्दीत बिग टेनने काही जुने शेजारसामने मात्र दरवर्षीसाठी राखून ठेवले आहेत, आणि त्यात पर्ड्यू-इंडियाना आहे. २०२४ मध्ये इंडियानाने आम्हाला ६६-० असं धुतलं. साखळीत त्यांची आणखी एक कडी पडली. माझ्या इंडियानाच्या एका जुन्या मित्राने रात्री अकरा वाजता फोन करून तासभर पिडलं. बिग टेनमध्ये आता चार विद्यापीठं पॅसिफिकच्या बाजूची आहेत. त्यांतल्या कोणाकडून हरल्यावर आजवर मला एकही फोन आलेला नाही.